ललित विज्ञानलेखन

ललित विज्ञानलेखन म्हणजे कथा, संवाद, ललितनिबंध, रूपक, नाट्य अशा सर्जनशील लेखनाच्या पद्धतींचा अवलंब करून विज्ञानातील संकल्पना, शोध आणि विचारपद्धती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविणारे लेखन होय. या लेखनात माहितीची अचूकता आणि मांडणीची रोचकता या दोहोंना सारखेच महत्त्व असते. पाठ्यपुस्तक सिद्धान्त सांगते आणि नंतर उदाहरणे देते. ललित विज्ञानलेखक बहुधा उलट्या वाटेने जातो. तो आधी एखादा प्रसंग, वस्तू किंवा प्रश्न वाचकापुढे ठेवतो आणि त्याच्या उलगड्यातून सिद्धान्ताकडे नेतो.

विज्ञानकथा हा या लेखनाचा सर्वाधिक परिचित प्रकार असला, तरी तो एकमेव नव्हे. वैज्ञानिकांची चरित्रे, निसर्गविषयक ललितलेख, शोधांच्या कहाण्या, काल्पनिक संवाद आणि छंदोबद्ध गणितग्रंथ यांचाही समावेश त्यात करता येतो. कल्पना आणि सत्य यांची सरमिसळ झाल्यास वाचकाची दिशाभूल होऊ शकते, हा या लेखनावरील प्रमुख आक्षेप आहे.

संकल्पना

विज्ञान आणि साहित्य ही दोन परस्परभिन्न क्षेत्रे आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी १९५९ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या 'दोन संस्कृती' या व्याख्यानात साहित्यिक आणि वैज्ञानिक यांच्यात पडलेल्या दरीकडे लक्ष वेधले. एका गटाला दुसऱ्याची भाषा कळेनाशी झाली, तर समाजापुढील प्रश्न सोडविणे अवघड होईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ललित विज्ञानलेखन हा ही दरी सांधण्याचा एक मार्ग मानला जातो.

वैज्ञानिक लेख आणि कथा यांची रचना भिन्न असते. वैज्ञानिक शोधनिबंधात लेखक स्वतःला बाजूला ठेवतो, भावना टाळतो आणि निष्कर्ष सुरुवातीच्या सारांशातच देऊन टाकतो. कथेत मात्र पात्रे असतात, त्यांच्यापुढे अडचण असते आणि शेवट राखून ठेवलेला असतो. तरीही दोन्हींच्या मुळाशी 'असे का घडले?' आणि 'पुढे काय होईल?' हेच प्रश्न असतात. या साम्यामुळेच वैज्ञानिक शोधाची हकिकत कथेच्या घाटात सहज बसते.

इतिहास

भारतीय परंपरा

प्राचीन व मध्ययुगीन भारतात शास्त्रीय ग्रंथ बहुधा पद्यात रचले जात. पाठांतराची सोय हा त्यामागील मुख्य हेतू होता. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाचा 'लीलावती' हा भाग अंकगणिताचा असूनही काव्यगुणांसाठी प्रसिद्ध आहे. त्यातील उदाहरणांत भुंगे, हंस, मोर, साप, कमळे आणि तुटलेल्या मोत्यांच्या माळा येतात. एका उदाहरणात भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलाकडे, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलाकडे, तर या दोन हिश्शांतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या फुलाकडे जातात आणि एकच भुंगा दोन सुगंधांमध्ये घुटमळत राहतो. एकूण भुंगे किती, हा प्रश्न. उत्तर १५ येते. उरलेला तो एक भुंगा म्हणजे थव्याचा पंधरावा हिस्सा, हे लक्षात येताच गणित सुटते. येथे काव्य हा केवळ अलंकार नसून, गणिताची किल्लीच कवितेतल्या भुंग्याच्या हाती दिलेली आहे.

भास्कराचार्यांच्या परंपरेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आढळते.

'लीलावती' ही भास्कराचार्यांची कन्या होती, घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी हा ग्रंथ लिहिला गेला, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. मात्र ती मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादात ती आढळते. रंजक कथा मूळ शास्त्रग्रंथाहून अधिक लक्षात राहते आणि कालांतराने तीच इतिहास म्हणून सांगितली जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

युरोपातील वाटचाल

गॅलिलिओने १६३२ मध्ये प्रसिद्ध केलेला दोन विश्वपद्धतींविषयीचा ग्रंथ विद्वानांच्या लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियन भाषेत आणि संवादरूपात लिहिला. साल्वियाती कोपर्निकसचा पक्ष मांडतो, सिम्प्लिचिओ परंपरेचा कैवार घेतो आणि साग्रेदो हा सुबुद्ध नागरिक दोघांचे ऐकून प्रश्न विचारतो. चार दिवस चालणाऱ्या या चर्चेत वाचक आपोआप साग्रेदोच्या जागी जाऊन बसतो. पोपच्या आवडीचा एक युक्तिवाद या ग्रंथात सिम्प्लिचिओच्या तोंडी घातला गेला आणि त्यामुळे रोष वाढला. १६३३ मध्ये गॅलिलिओवर खटला चालला, त्याला उर्वरित आयुष्य नजरकैदेत काढावे लागले आणि ग्रंथावर बंदी आली. कोणते वाक्य कोणत्या पात्राच्या तोंडी घालायचे, हा वाङ्मयीन निर्णयही किती महागात पडू शकतो, हे यातून दिसते.

योहान्नेस केप्लर याच्या 'स्वप्न' या लॅटिन पुस्तकात चंद्रावरील प्रवासाचे वर्णन आहे. चंद्रावरून पाहणाऱ्याला पृथ्वी फिरताना कशी दिसेल, हे सांगून त्याने वाचकाला पृथ्वीच्या गतीची कल्पना करून देण्याचा प्रयत्न केला. कथेतील नायकाची आई चेटूकविद्या जाणणारी दाखविली होती. पुढे केप्लरच्या स्वतःच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला. आपल्या हस्तलिखिताचाही त्या आरोपाला हातभार लागला, असे केप्लरला वाटत असे. १६२१ मध्ये तिची सुटका झाली. त्यानंतर केप्लरने मूळ कथेला दोनशेहून अधिक टिपा जोडून तिच्यातील शास्त्रीय अर्थ स्पष्ट केला. पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये छापले गेले. कल्पित कथा आणि तिचा शास्त्रीय आधार वेगवेगळे ठेवण्याच्या प्रथेचा हा एक आरंभीचा नमुना आहे.

इंग्लंडमध्ये जेन मार्सेट हिने १८०६ मध्ये रसायनशास्त्रावरील संवादांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक शिक्षिका दोन मुलींशी बोलत बोलत प्रयोग समजावून सांगते. बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे याच्या हाती हे पुस्तक आले आणि त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाल्यावर फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने दिली. मेणबत्तीवरील त्याची सहा व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

विसावे शतक

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो याने बँकेत कारकुनी करणारे मिस्टर टॉम्पकिन्स हे पात्र निर्माण केले. व्याख्यान ऐकता ऐकता टॉम्पकिन्सला डुलकी लागते आणि स्वप्नात तो अशा शहरात पोहोचतो, जेथे प्रकाशाचा वेग सायकलीच्या वेगाहून फारसा अधिक नाही. त्यामुळे सापेक्षतेचे परिणाम रस्त्यावरच दिसू लागतात आणि भरधाव जाणारा सायकलस्वार चपटा दिसतो.

अमेरिकी सागरी जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. कीटकनाशकांच्या अनिर्बंध वापराविषयीच्या या पुस्तकाची सुरुवात एका कल्पित गावाच्या कथेने होते. त्या गावात वसंत ऋतू येतो, पण पक्ष्यांचा आवाज ऐकू येत नाही. नेमके असे गाव अस्तित्वात नाही, मात्र त्यातील प्रत्येक आपत्ती कोठे ना कोठे घडलेली आहे, असे कार्सन यांनी त्याच प्रकरणात स्पष्ट केले. तरीही विरोधकांनी या कल्पित गावावरच टीकेचा भर दिला. पुस्तकाच्या शेवटी जोडलेली आधारग्रंथांची पन्नासहून अधिक पानांची सूची हे त्या टीकेला उत्तर होते. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने कार्सन यांच्या भूमिकेला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली.

इटालियन रसायनतज्ज्ञ आणि लेखक प्रिमो लेव्ही यांच्या 'आवर्तसारणी' (१९७५) या पुस्तकात २१ प्रकरणे असून प्रत्येकाला एका मूलद्रव्याचे नाव आहे. अखेरच्या प्रकरणात कार्बनच्या एका अणूचा प्रवास येतो.

लेखनतंत्रे

परिचित वस्तूपासून प्रारंभ

फॅरडेच्या व्याख्यानांत हे तंत्र स्पष्टपणे दिसते. मेणबत्ती प्रत्येक घरात असते, पण ती जळते कशी, याचा विचार क्वचितच होतो. मेण वितळते, वातीतून केशाकर्षणाने वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. जळताना पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. अखेरच्या व्याख्यानात मेणबत्तीचे ज्वलन आणि माणसाचे श्वसन यांतील साम्य दाखविले जाते. एका साध्या वस्तूपासून निघालेला श्रोता शेवटी स्वतःच्या शरीरापर्यंत येऊन पोहोचतो.

शोधाची रहस्यकथा

वैज्ञानिक शोध अनेकदा रहस्यकथेसारखा उलगडतो. व्हिएन्नाच्या रुग्णालयातील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरची हकिकत त्यासाठी नेहमी सांगितली जाते. तेथील दोन प्रसूतिकक्षांपैकी ज्या कक्षात वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, तेथे सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणींचे प्रमाण सुईणींच्या कक्षापेक्षा बरेच जास्त होते. हवा, गर्दी, आहार अशी कारणे एकामागून एक निकालात निघाली. शवविच्छेदनाच्या वेळी जखम होऊन एक सहकारी डॉक्टर मरण पावला, तेव्हा त्याची लक्षणे बाळंतिणींच्या आजाराशी जुळत असल्याचे सेमेलवाइसच्या ध्यानात आले. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत असत. मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती झाली आणि एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेला मृत्युदर जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आला. निरीक्षण, गृहीतक, पडताळणी आणि निष्कर्ष या वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या या हकिकतीत वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत.

प्रमाणाची तुलना

फार मोठ्या किंवा फार लहान संख्या केवळ आकड्यांनी मनात उतरत नाहीत. कार्ल सेगन यांनी लोकप्रिय केलेल्या 'वैश्विक दिनदर्शिके'त विश्वाचे संपूर्ण वय एका वर्षात बसविलेले असते. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे धरल्यास या दिनदर्शिकेतील एक दिवस सुमारे ३.८ कोटी वर्षांचा आणि एक सेकंद सुमारे ४४० वर्षांचा होतो. या मोजमापाने डायनोसॉर ३० डिसेंबरला नामशेष होतात आणि लेखनकलेचा उदय ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपूर्वी अवघे १०-१२ सेकंद आधी होतो.

जे. बी. एस. हाल्डेन यांच्या प्राण्यांच्या आकारमानावरील १९२६ च्या निबंधातही तुलनेचा उपयोग आढळतो. खोल खाणीत पडलेला उंदीर बचावतो, पण माणूस बचावत नाही, या निरीक्षणातून त्यांनी पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर समजावले. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले.

रूपक आणि परिभाषा

अनेक पारिभाषिक संज्ञा मुळातच रूपके असतात. मराठीतील 'कृष्णविवर' हा शब्द त्यांपैकी एक होय. विवर म्हणजे बीळ किंवा पोकळी. वास्तविक कृष्णविवर ही पोकळी नसून, अतिशय घन वस्तुमानामुळे प्रकाशही ज्यातून सुटू शकत नाही, असा अवकाशाचा भाग आहे. संज्ञेमुळे चित्र डोळ्यांसमोर येते, परंतु ते कोठपर्यंत ताणायचे, हे लेखकाला सांगावे लागते. 'हरितगृह परिणाम' या संज्ञेचेही असेच आहे. काचेचे हरितगृह मुख्यतः तापलेली हवा बाहेर जाऊ न दिल्यामुळे उबदार राहते. वातावरणातील वायू मात्र पृथ्वीकडून निघणारे अवरक्त प्रारण शोषून त्याचा काही भाग पुन्हा खाली पाठवितात.

मराठीतील परंपरा

मराठीत वैज्ञानिक विषयांवरील लोकाभिमुख लेखनाची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. बाळशास्त्री जांभेकर यांच्या काळापासून नियतकालिकांतून शास्त्रीय माहिती येऊ लागली. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे मासिक सुरू झाले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने पत्रिका, व्याख्याने आणि स्पर्धा यांतून मराठीतील विज्ञानलेखनाला व्यासपीठ मिळवून दिले.

परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. ते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले टोपणनाव होते. आपल्या ख्यातीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यामागील हेतू होता. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठविण्यात आली होती. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल हेही विज्ञानकादंबरीकार होते.

नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात थोडक्यात हुकलेली असते. मराठी मनातील एका जुन्या सलाचा आधार घेऊन ही कथा वाचकाला पुंजभौतिकीतील अनिश्चिततेकडे आणि समांतर विश्वांच्या कल्पनेकडे नेते. 'जर गोळी चुकली असती तर' हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटत नाही आणि त्यामुळे अवघड संकल्पनेचे दार सहज उघडते. या कथेचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोतर्फे दिले जाणारे कलिंग पारितोषिक नारळीकरांना १९९६ साठी मिळाले. २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आदी लेखकांनीही मराठी विज्ञानकथा आणि विज्ञानलेखन समृद्ध केले. निसर्गविषयक ललितलेखनाचा प्रवाह याहून वेगळा, पण तितकाच महत्त्वाचा आहे. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या पुस्तकात मराठी महिन्यांच्या क्रमाने झाडे, फुले, पक्षी आणि आकाश यांतील बदलांची निरीक्षणे येतात. वनाधिकारी म्हणून दीर्घकाळ अरण्यात राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी पशुपक्ष्यांच्या अनुभवसिद्ध नोंदी ललितगद्यात मांडल्या. २००६ मध्ये सोलापूर येथे झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

मर्यादा आणि आक्षेप

पहिला आक्षेप अतिसुलभीकरणाचा आहे. कथेच्या ओघात अपवाद, अनिश्चितता आणि मोजमापातील त्रुटी गाळल्या जातात. विज्ञानात मात्र त्यांनाच महत्त्व असते.

दुसरा आक्षेप एकाकी नायकाच्या प्रतिमेविषयी आहे. कथेला नायक लागतो, म्हणून शोधाचे श्रेय एका व्यक्तीला दिले जाते. सहकारी, तंत्रज्ञ आणि आधीच्या पिढ्यांचे काम पडद्याआड राहते. सेमेलवाइसच्या हकिकतीतही त्याला विरोध करणारे सारे अडाणी होते, असे चित्र रंगविले जाते. प्रत्यक्षात त्याने आपले विवेचन पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्यास १८६१ पर्यंत विलंब लावला आणि रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता.

तिसरा आक्षेप मानवीकरणाचा आहे. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये 'स्वार्थी जनुक' हे रूपक वापरले. जनुकांना हेतू असतात, असा त्यांचा दावा नव्हता. तरीही अनेकांनी तसा अर्थ घेतला. प्रभावी रूपक लेखकाच्या हातून सुटून स्वतंत्रपणे वावरू लागते.

चौथा आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की, कथनाची शक्ती सत्य आणि असत्य यांत भेद करीत नाही. ज्या तंत्राने लसीचे महत्त्व पटवून देता येते, त्याच तंत्राने लसीविषयी भीतीही पसरविता येते. एका रुग्णाची हृदयद्रावक कहाणी हजारो रुग्णांच्या नोंदींपेक्षा अधिक परिणाम करते, पण पुरावा म्हणून तिचे मोल फार कमी असते. म्हणून कहाणीने जिज्ञासा जागवावी आणि निष्कर्ष मात्र पुराव्यावर सोपवावा, असे जबाबदार विज्ञानलेखनाचे तत्त्व मानले जाते. केप्लरच्या टिपा आणि कार्सन यांची आधारसूची ही या तत्त्वाच्या पालनाची ठळक उदाहरणे आहेत.

शिक्षणातील उपयोग

भारतीय राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. या दृष्टिकोनाची जोपासना केवळ व्याख्या पाठ करून होत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाने शंका कशी घेतली, चूक कशी ओळखली आणि मत का बदलले, हे कथेतून समजल्यास ती विचारपद्धती विद्यार्थ्याच्या परिचयाची होते.

भाषा आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापनात या लेखनाचा उपयोग करता येतो. पाण्याच्या थेंबाचे आत्मवृत्त हा शालेय निबंधाचा परिचित विषय जलचक्राच्या आकलनाची कसोटी ठरू शकतो. थेंबाच्या भावना कल्पित असल्या, तरी बाष्पीभवन, संघनन आणि पर्जन्य यांचा क्रम अचूक असावा लागतो. अशी रचना वाचताना किंवा लिहिताना कोणता भाग सिद्ध आहे, कोणता अनुमानाचा आहे आणि कोणता निव्वळ कल्पनेचा आहे, हे वेगळे करून दाखविण्याचा सराव विद्यार्थ्यांना देता येतो. बातमी, जाहिरात आणि मोबाइलवर फिरणारे संदेश पारखून घेण्यासाठीही हाच विवेक उपयोगी पडतो.